गोलमागची खुर्ची

शिंगाडे हवालदारांनी लोखंडी घडीची खुर्ची माझ्या गोलच्या मागे मांडली, टोपीनं तिच्यावरची धूळ झटकली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "आनंदा, आजपास्नं सायेब हितंच बसणार हाईत. जरा जपून."

"कोण सायेब?"

"नवं फौजदार. बेळगावाकडनं आणल्यात. तुझ्या दोस्तासाठनं."

मी गोलमध्ये उभा होतो आणि मॅच सुरू व्हायला अजून अवकाश होता. दोरीपलीकडून एक मध्यम वयाचा, नीटनेटका माणूस सावकाश चालत आला. काखेत वर्तमानपत्र, हातात भाजलेल्या शेंगांचा पुडा. खुर्चीवर बसला, पायावर पाय टाकला, आणि कुणाच्या तरी लग्नात ओळख करून घ्यावी तसं मला म्हणाला, "तुम्हीच इंगवले ना? मी गडकर. चालू द्या तुमचं. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

बेचाळीसच्या थंडीतली ही गोष्ट. मी कोल्हापुरात कॉलेजच्या टीमचा गोली होतो. गोली म्हणजे टीममधला सगळ्यात रिकामटेकडा आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारा माणूस. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला होता, रबर मिळत नव्हतं, आमच्या बॉलच्या ब्लॅडरला इतकी ठिगळं लावलेली की बॉल जमिनीवर सरळ जाईल तर शपथ. पण फुटबॉल बंद पडला नव्हता. आमच्या गावात माणूस एक वेळ जेवण चुकवेल, मॅच चुकवणार नाही. तालमीतले पैलवान, बाजारातले व्यापारी, शेंगा विकणाऱ्या बायका, सगळे मैदानाच्या उतारावर येऊन बसायचे आणि गोल झाला की असे ओरडायचे की लांबच्या वाडीत बैल बुजायचे.

त्या आरोळ्या बहुतेक वेळा खंडू साळोख्यासाठी असायच्या. खंडू आमचा फॉरवर्ड आणि माझा जिवाचा दोस्त. डावा पाय असा की लांबून मारलेला बॉल आधी गोलच्या बाहेर निघाल्यासारखा जायचा आणि मग आत वळायचा. ऑगस्टमध्ये चळवळ पेटली आणि खंडू गावातून नाहीसा झाला. एका खेड्यातली चावडी जाळली गेली, आत झोपलेला शिपाई मेला, आणि पोलिसांना हव्या असलेल्यांत पहिलं नाव खंडूचं होतं. तो त्या रात्री तिथं होता की नव्हता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. सापडला तर फाशी, एवढं मात्र सगळ्या गावाला कळून चुकलं होतं.

आणि आता त्याला पकडायला आलेला माणूस माझ्या पाठीमागे शेंगा फोडत बसला होता.

पहिल्या मॅचला हाफ टाइम झाला. आम्ही बाजू बदलल्या. मी मैदान ओलांडून दुसऱ्या गोलमध्ये जाऊन उभा राहतो न राहतो तोच मागे खुर्ची उघडल्याचा आवाज झाला.

"तुमच्याबरोबर यावं लागतं," फौजदार म्हणाले. "इंगवले, तुमच्या मित्राचा माझ्याकडे एकच फोटो आहे. टीमचा. उन्हात सगळ्यांनी डोळे बारीक केलेत, सगळी पोरं सारखीच दिसतात. तुम्ही सांगाल का, यातला साळोखे कुठला?"

"मला न्हाई दिसत सायेब. ऊन डोळ्यावर येतंय."

ते हसले. चिडले असते तर बरं वाटलं असतं. "असू दे. तो येईलच. खेळणारा माणूस मैदानापासून फार दिवस लांब राहत नाही. दारुड्याचं आणि त्याचं एकच."

त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि रशियातल्या लढाईची बातमी वाचायला लागले. मॅचकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आमच्या पोरानं गोल केला, उतारावरून आरोळी उठली, तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली.

"तुम्ही बघतच न्हाई सायेब," मी न राहवून म्हणालो.

"कशाला बघायचं? तुमचं गाव सांगतंच की. आवाज झाला की बघायचं, तोवर वाचायचं."

पुढच्या सगळ्या मॅचेस अशाच गेल्या. आम्ही जिंकत होतो, कसेबसे, आणि मला जिंकल्याचा आनंद म्हणून होत नव्हता. बॉल दुसऱ्या टोकाला गेला की पाठीमागे शेंगा फुटल्याचा आवाज यायचा. शिंगाडे हवालदार त्यांच्याशेजारी काठीसारखे उभे. हवालदार आमच्याच पेठेतले. लहानपणी खंडूला आणि मला त्यांनीच कागदाचा आणि चिंध्यांचा बॉल करून दिला होता. फौजदार गावातल्या कुठल्याच पोलिसावर भरवसा ठेवत नव्हते, म्हणून तर स्वतः येऊन बसत होते.

सेमीफायनलला आमचा हिंदळकर पडला आणि त्याचा पाय मोडला. फायनल होती बेळगावच्या कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांशी. ते बूट घालून खेळायचे, आम्ही अनवाणी. हिंदळकरच्या जागी कोण, तर होस्टेलवरचा बसाप्पा. अथणीकडचा हा कानडी पोरगा इतका गरीब की बॉल अंगावर आला तर बाजूला होऊन त्याला वाट द्यायचा.

त्याच आठवड्यात मामाच्या गावाहून निरोप आला की गुऱ्हाळ सुरू झालंय, गूळ घेऊन जा. मी सायकल काढून सकाळीच गेलो. मामा काहिलीपाशी उभे राहून मळी काढत होते. मला बघून नुसती मान काहिलीखालच्या चुलवाणाकडे केली.

चुलवाणाच्या तोंडाशी एक काळाकुट्ट माणूस वाकून आत उसाची चिपाडं ढकलत होता. डोकं तुळतुळीत, मिशी नाही, अंगावर फाटकी बंडी. त्यानं कपाळावरचा घाम पुसला, तळहातावर थुंकला आणि पुन्हा चिपाडाची मोळी उचलली. तळहातावर थुंकण्यावरून मी ओळखलं. कॉर्नर मारायच्या आधी तो असाच थुंकायचा, बॉलला हात लावायचा नसला तरी.

"खंड्या!"

"हळू वरड की मर्दा," तो म्हणाला. "हिकडं बस, धुराकडं. धुराकडं कोण बघत न्हाई."

मी बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते धुरानं येतंय की कशानं, हे मला कळेना. केवढा वाळला होता! गालफडं बसली होती. फक्त पाय तेवढे तसेच होते.

"हिंदळ्याचा पाय मोडला म्हणं," तो म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"गाडीवानानं. फायनलला कोण खेळायलाय?"

"बसाप्पा."

तो एवढा हसला की मामांनी मागे वळून बघितलं. मग हसणं थांबलं आणि चुलवाणात बघत तो म्हणाला, "बसाप्पाला सांग, तुला त्या दिवशी ताप आलाय. मी येतो."

"खुळा हैस काय? फौजदार माझ्या मागं खुर्ची टाकून बसतोय! दर मॅचला! तुझ्यासाठनं!"

"त्यानं मला बघितलंय काय?"

"न्हाई."

"मग?"

"आरं पण गावानं बघितलंय की!"

"गाव सांगतंय व्हय?" तो म्हणाला. त्याला खरंच राग आला होता. "आन्या, आपलं गाव फितूर हुईल?"

गाव फितूर होणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण भीती वाटत होती, आणि कसली ते मला सांगता येत नव्हतं.

"कपासाठनं मरायचं हाय व्हय तुला? न्हाई आला कप तर काय गाव बुडणार हाय?"

"कप गेला खड्ड्यात." त्यानं एक चिपाड मोडलं, आत टाकलं. "ऑगस्टपास्नं उसात निजतोय. दिवसा उभा ऱ्हायलो न्हाई गड्या. चालायचं ते वाकून, बोलायचं ते हळू. ह्या चुलीपाशी बी वाकूनच. एक डाव उन्हात सरळ उभा ऱ्हाऊन पळू दे मला. मग पुन्हा उसात जातो. आईच्यान जातो."

मी तोफखाने सरांना काहीच सांगितलं नाही. सर आमच्या जिमखान्याचे प्रमुख. फार सज्जन आणि फार घाबरट. फायनलच्या दुपारी खोलीत आम्ही कपडे करत होतो आणि खंडू डोक्याला फडकं बांधून, खाली मान घालून कोपऱ्यात बसला होता. सर जर्सी वाटत वाटत त्याच्यापाशी आले आणि थांबले. बराच वेळ त्यांनी त्याच्या पायांकडे बघितलं.

"बसाप्पा," सर म्हणाले, "तुझा डावा पाय दुखावलाय ना?"

"व्हय सर."

"मग तो वापरायचा नाही. कळलं? काही झालं तरी नाही."

"न्हाई वापरणार सर."

सरांनी जर्सी त्याच्या मांडीवर ठेवली, त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि बाहेर निघून गेले.

मैदानाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. एका बाजूला खुर्च्यांवर गोरे अधिकारी, बाकी तिन्ही बाजूंना आमचं गाव. दोरीच्या आत जागोजागी पोलीस उभे होते. इतके मी यापूर्वी कधी बघितले नव्हते. माझ्या मागे खुर्ची होतीच.

"आज गर्दी आहे," फौजदार म्हणाले आणि पुडा सोडला.

खंडूनं शब्द पाळला. तो उजव्या बाजूला खेळला, उजव्या पायानं खेळला, आणि इतका वाईट खेळला की बसाप्पालाही लाज वाटली असती. बॉल त्याच्याकडे गेला की उतारावरून शिव्या सुरू व्हायच्या. "ए बसाप्पा, जोंधळा पेरायलाईस काय?" "सर, त्येला गोठ्यात बांधा!" एका बाईनं शेंगांची टरफलं त्याच्या अंगावर टाकली. मी गोलमध्ये उभा राहून मनातल्या मनात म्हणत होतो, द्या, आणखी द्या शिव्या. इतकं चांगलं मला त्या सबंध सीझनमध्ये वाटलं नव्हतं. आणि खंडू ऊन अंगावर घेत, ताठ उभा राहून, तोंडभर हसत पळत होता.

हाफ टाइमला गोल कुणाचाच नव्हता. बाजू बदलल्या. खुर्ची माझ्यामागून आली.

त्यानंतर केव्हातरी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. आधी कळेना काय ते. सोल्जरांचे दोन जोरदार बॉल मी अडवले, टाळ्या पडल्या, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मग बॉल खंडूकडे गेला, त्याच्या उजव्या पायावरून घरंगळून बाहेर गेला, आणि उतारावरून एकही शिवी आली नाही.

त्यांनी ओळखलं होतं. तळहातावर थुंकल्यामुळे असेल, पळताना एक खांदा खाली टाकायची त्याची लकब होती तिच्यामुळे असेल. कुणीतरी शेजाऱ्याला कोपरखळी मारली असेल, त्यानं पुढच्याला, आणि ते तसंच उतारभर फिरलं असणार. टरफलं टाकणारी बाई पदर तोंडात धरून बसली होती. बसाप्पाचं नाव आता कुणीच घेत नव्हतं. खंडू बॉलपाशी गेला की त्या बाजूची माणसं गप्प व्हायची आणि बॉल दुसऱ्याकडे गेला की पुन्हा बोलायला लागायची.

मी शिंगाडे हवालदारांकडे बघितलं. ते खंडूला सोडून बाकी सगळीकडे बघत होते.

"हवालदार," फौजदार पान उलटत म्हणाले, "स्टालिनग्राडला जर्मन पुरते अडकले म्हणतात."

"व्हय सायेब."

मी देवाला सांगत होतो की मॅच संपू दे. हरलो तरी चालेल, संपू दे.

शेवटी शेवटी आमच्या कॉर्नरवरून बॉल सोल्जरांच्या गोलसमोर पडला. त्यांच्या उंच बॅकनं तो डोक्यानं लांब फेकला आणि ठिगळांचा तो बॉल वेडावाकडा उसळत नेमका खंडूच्या पुढ्यात आला. त्याच्या डाव्या पायावर. दुसरा कुणी जवळ नव्हता. विचार करायला वेळ असता तर तो थांबला असता, यावर माझा आजही विश्वास आहे. पण तिथं विचाराला वेळ नव्हता आणि पाय त्याचाच होता.

बॉल आधी गोलच्या बाहेर निघाल्यासारखा गेला आणि मग आत वळला. त्यांचा गोली हललासुद्धा नाही.

रेफ्रीची शिट्टी वाजली, आणि कुणीच ओरडलं नाही.

तोंडं उघडली होती, मला दिसत होती. हात वर गेले होते आणि तसेच अर्ध्यात थांबून हळूहळू खाली येत होते. एका पैलवानानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं. नाव बाहेर पडू नये म्हणून सगळ्या गावानं जीभ दाताखाली धरली होती. त्या वेळी कुणाला सुचलं असतं की नुसतं 'गोल' म्हणून ओरडावं, तर! पण आमच्याकडे खंडूचा गोल आणि खंडूचं नाव कधी वेगळं नव्हतंच. एक ओरडायला गेलं की दुसरं येणारच. सोल्जर एकमेकांकडे बघत होते. आणि खंडू जिथून बॉल मारला तिथंच उभा होता, मान वर करून, आरोळीची वाट बघत.

पाठीमागे कागद चुरगळल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"काय झालं?" फौजदारांनी विचारलं.

"काय न्हाई सायेब."

"रेफ्री मधे कशाला चाललाय?"

मग एकदम मला सुचलं आणि मी जीव खाऊन ओरडलो, "गोऽऽल!" माझा आवाज फाटला. माझ्याबरोबर कुणीच ओरडलं नाही. माझं ओरडणं मलाच खोटं वाटलं.

फौजदार खुर्चीतून उठले. पहिल्यांदाच ते मॅच बघत होते. "एवढी माणसं," ते हळूच म्हणाले, "आणि आवाज नाही." त्यांनी उतारावरून नजर फिरवली. सगळं गाव एकाच माणसाकडे बघत होतं. तेही तिकडे बघायला लागले. "हवालदार, तो कोण?"

"बसाप्पा, सायेब. होस्टेलवरचा."

"कानडी आहे? छान. मला कानडी येतं."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी करून हात वर केला, आणि चारी बाजूंचे पोलीस मैदानात शिरले.

मी धावलो. काय करणार होतो कोण जाणे, पण धावलो. पोलिसांच्या गर्दीतून वाट काढत मी पोचलो तेव्हा फौजदार खंडूच्या समोर उभे होते आणि त्यांनी त्याला कानडीत काहीतरी विचारलं, अगदी प्रेमानं. खंडूनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला कानडीचं एक अक्षरही येत नव्हतं.

"साळोखे," फौजदार मराठीत म्हणाले, "छान मारलात हो. मला कळत नाही, पण छान असणार."

शिंगाडे हवालदारांना त्यांनी बेड्या घालायला लावल्या. हवालदारांच्या हाताला कुलूप लागेना. खंडूनंच मनगट फिरवून दिलं. रेफ्री आणि गोरे सोल्जर बाजूला उभे राहून बघत होते.

आम्ही मैदानाच्या दाराकडे निघालो. मला कुणी अडवलं नाही, म्हणून मी खंडूच्या शेजारून चालत होतो. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेला नव्हता. पण काहीतरी हरवल्यासारखा उतारावरच्या माणसांकडे बघत होता. या पेठेच्या घोळक्याकडून त्या पेठेच्या घोळक्याकडे.

"आन्या, रेफ्रीनं गोल धरला न्हवं?"

"धरला."

"मग कुणी वरडलं का न्हाई रं?"

काय सांगू त्याला? एवढ्या माणसांनी त्याला वाचवण्यासाठी श्वास कोंडला, हे चार पावलांत कसं सांगायचं? त्यानं पुन्हा माझ्याकडे बघितलं. लहान पोर बघतं तसं.

तेव्हा त्याच्या दुसऱ्या बाजूला चालणारे शिंगाडे हवालदार थांबले. अंगावर डगला, डोक्याला सरकारी टोपी, हातात खंडूच्या बेडीची साखळी. साहेब पुढ्यात होते. हवालदारांनी मान मागे टाकली, डोळे मिटले, आणि त्या शांत मैदानात ओरडले,

"गोऽऽल! खंड्याऽऽचा गोऽऽल!"

आणि मग गाव सुटलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं. उतार उभा राहिला. फेटे, टोप्या, धोतराचे सोगे उडाले. बायका ओरडत होत्या, पैलवान रडत ओरडत होते, मी ओरडत होतो. फौजदारांनी काहीतरी हुकूम दिला तो त्यांच्याच तोंडात विरून गेला. मी आयुष्यात तसा आवाज पुन्हा ऐकला नाही.

हवालदारांची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. खंडूला पुढच्या वर्षी फाशी झाली.

अजूनही मी मॅचला जातो. गोल झाला की मी बॉलकडे बघत नाही. आवाज येईपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. पण खंडूनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं, एवढं मी बघितलं. साखळी हातात धरून हवालदार ओरडत होते आणि खंडू त्यांच्याशेजारी ताठ उभा राहून, उन्हात डोळे बारीक करून, सगळ्या गावाकडे बघत होता. अगदी त्या फोटोतल्यासारखा.